वळण लागलं

५ मे, सोमवार

नोकरी लागली की पहिल्याच दिवशी नवी रोजनिशी सुरू करायची, असं मी बारावीत असताना ठरवलं होतं. मधे एक लग्न, एक लेक आणि एक काडीमोड आला, त्यामुळे मुहूर्त तेरा वर्षांनी लागला. हरकत नाही, वही तर आली.

मी दीपमाला, मुक्काम सोयगाव, शिक्षण एम.एस्सी. प्राणिशास्त्र, आणि आजपासून चिकलठाण्याच्या स्मृती संशोधन केंद्रात तंत्रसहाय्यक. आईला फोनवर हे सांगितलं तर तिनं विचारलं, म्हंजी करायचं काय? उंदीर सांभाळायचे, म्हटलं. त्याला एवढं शिकायची काय गरज व्हती, म्हणाली, आपल्या कणगीत काय कमी हायेत का.

केंद्र म्हणजे जुन्या औद्योगिक वसाहतीतली एक बंद पडलेली कंपनी, आतून झाडूनपुसून पांढरी केलेली. आम्ही माणसं तिघं, उंदीर छत्तीस. संचालक डॉ. भानुमती, साठीच्या पुढच्या, सुती साडी, गळ्यात दोरीला अडकवलेला चष्मा. सगळे त्यांना मॅडम म्हणतात. त्यांनी स्वतः चहा करून दिला. पिंजऱ्यांची साफसफाई कडुबा काकांकडे आहे. ते हर्सूलहून सायकलनं येतात आणि उंदरांना अहो-जाहो करतात. बाहेर बेचाळीस अंश, आत चोवीस. उंदरांची चैन आहे.

खोली केंद्रापासून चालत दहा मिनिटांवर मिळाली. नळाला सहा दिवसांनी पाणी येतं, पण खिडकी पूर्वेला आहे. संस्कृतीचं पहिलीचं नाव जवळच्या शाळेत घातलंय. शाळा सोळा जूनला उघडणार. म्हणजे पोरगी आणखी सहा आठवडे आजीकडे, मग माझ्याजवळ. तीन वर्षं मी हेच डोळ्यांसमोर ठेवून काढलीत. भिंतीवर तिच्या दप्तरासाठी खिळा आजच ठोकला.

९ मे, शुक्रवार

काम कळलं आणि आवडलंही. लाकडी पट्ट्यांची एक वाट आहे. उंदीर सरळ जातो, पुढं दोन फाटे फुटतात. डावीकडं गोड दुधाचा थेंब, उजवीकडं ठणठण गोपाळ. तो कुठं वळला ते मी नोंदवायचं. उंदराच्या डोक्यावर बारीक तारांचं टोपण असतं आणि त्याच्या मेंदूतला ताल पडद्यावर उमटत राहतो.

मॅडमनी फार छान समजावून सांगितलं. मेंदूच्या पोटात समुद्रघोड्यासारखा एक भाग असतो, हिप्पोकॅम्पस. उंदीर चालत असला की तिथं सेकंदाला सात-आठ ठोक्यांचा एकसारखा ताल चालतो, त्याला थीटा म्हणतात. उंदीर थांबला, दूध चाटायला लागला किंवा निजला की तो ताल विरतो आणि मधेच अगदी बारीक, भरभर लहरी उठतात. त्या लहरींत उंदीर आत्ताच चाललेली वाट पुन्हा चालतो, फक्त खूप वेगानं. तीन सेकंदांची वाट सेकंदाच्या दहाव्या हिश्श्यात. मॅडम म्हणाल्या, आपण पाटीवर अक्षर गिरवायचो ना, तसं तो वाट गिरवतो. त्या लहरी मोडल्या तर उंदीर दुसऱ्या दिवशी कोरा. त्या लांबवल्या तर लवकर पक्का. म्हणजे शिकणं चालताना होतं असं आपण समजतो, खरं तर ते नंतर नुसतं बसल्यावर होतं. हे आईला ऐकवायला हवं. मी जरा बसले की ती बूड उचल म्हणते.

नोंदवही मराठीत ठेवायची असा मॅडमचा आग्रह आहे. रकाने तीन: उंदीर, वेळ, वळण. वळण म्हणजे डावं की उजवं. पण उंदीर सलग दहा वेळा डावीकडं गेला की त्याच रकान्यात 'वळण लागलं' असं लिहायचं. शब्द दोन्ही अर्थांनी बसतो याचं मॅडमना कोण कौतुक. आधीच्या पानांवर सावनी नावाच्या मुलीचं अक्षर आहे, मोत्याचे दाणे. प्रत्येक 'स'च्या पायाला ती लहानशी गाठ मारते. लग्न ठरलं म्हणून ती सोडून गेली म्हणे.

१४ मे, बुधवार

आजपासून मीही उंदीर. म्हणजे प्रयोगाला माणसांच्याही नोंदी लागतात, तेव्हा दुपारी जेवण झालं की एक वाजता खुर्चीत डोळे मिटून बसायचं, डोक्याला ओल्या जाळीची टोपी. बारा मिनिटं. त्या आधी एक फॉर्म. त्यात एक वाक्य होतं: मला वळण लावण्यास माझी हरकत नाही. मला हसूच आलं. शाळेत दहा वर्षं बाईंनी याचसाठी हात दुखवून घेतले, तेव्हा कुणी माझी संमती घेतली नव्हती. सही ठोकली.

कडुबा काकांनी टोपीला साफ नकार दिला. म्हणाले, माझ्या डोक्यात आधीच लई गर्दी हाय, अजून कुनाला घेऊ आत.

टोपी गार असते. बसल्या जागी चालत असल्यासारखं वाटतं. उन्हातून आल्यावर बरं वाटतं.

२० मे, मंगळवार

आज स्वतःवर खूश आहे. बाटल्यांची रबरी बुचं संपली होती. काका शोधत होते. मी सरळ निळ्या कपाटाच्या मागं हात घातला आणि डबा काढून दिला. तिथं डबा आहे हे मला कुणी सांगितलं नव्हतं. काकांनी डबा घेतला, माझ्याकडं बघितलं आणि गेले. मॅडमनी मात्र नोंदवही ओढली आणि उंदरांच्या खाली लिहिलं: दीपमाला, वळण लागलं. आम्ही दोघी हसलो.

दुपारी आईचा फोन. संस्कृतीनं मामेभावाची चप्पल विहिरीत टाकली आणि जाब विचारल्यावर दुसरीही टाकली, एक ठेवून काय करणार म्हणून. आई कावली होती. पोरीला काही वळण नाय बघ, कुत्र्याचं शेपूट हाय नुसतं. फोन मोठ्या आवाजावर होता. मॅडम हसल्या, पोरीचं वय विचारलं आणि अडीअडचणीला असावा म्हणून आईचा नंबर लिहून घेतला. किती माया असावी माणसाला.

शनिवारी सुट्टी आहे. सोयगावला जाऊन येते. पोरीला बघून तीन आठवडे झाले.

२४ मे, शनिवार

गेले नाही. म्हणजे निघाले होते. सकाळी पिशवी भरली, तिच्यासाठी रंगांची पेटी घेतली, जालना रोडवर रिक्षात बसले, रिक्षावाल्याला स्टँड म्हणून सांगितलं. मग केंद्राच्या फाटकाशी उभी होते. वसाहतीच्या वळणावर मी रिक्षा थांबवली असणार, कारण सुटे पैसे हातात होते. विचारात असेन. हसत पुन्हा निघाले, पायी, मुख्य रस्त्याकडं.

दुसऱ्यांदाही फाटकच.

तोवर सिल्लोडमार्गे सोयगावला जाणारी गाडी गेली. आईला ऊन लागलं म्हणून सांगितलं. रोजचा रस्ता पायाखालचा होतो आणि पाय आपोआप तिकडं जातात, सगळ्यांचंच होतं. फक्त मी तीनच आठवडे चालतेय हा रस्ता.

२७ मे, मंगळवार

आज ही वही पहिल्या पानापासून चाळली. पाच मेचं अक्षर माझं आहे, उजवीकडं कललेलं, घाईचं. चौदा मेनंतर ते हळूहळू उभं राहिलंय. वीस तारखेला पहिली गाठ. 'संस्कृती'तल्या 'स'च्या पायाला.

आत्ता मुद्दाम माझ्या पद्धतीनं 'स' काढायला बसले. वीस वेळा. वीसही वेळा गाठ पडली. अक्षराचं वळण म्हणतात ते हेच.

मी घाबरले आहे, हे इथं लिहून ठेवते.

३१ मे, शनिवार

काकांना सावनीबद्दल विचारलं. आधी नाही नाही म्हणाले, मग पिंजऱ्यांच्या खोलीत दार लोटून बोलले. सावनी पहिली. तिला वर्षभर टोपी घातली. तिचं लग्न होऊन ती नाशिकला गेली आणि चौथ्या दिवशी हिरव्या चुड्यासकट इथं फाटकाशी उभी. नवरा घेऊन गेला, पुन्हा आली. तीनदा. आता ती आईबापाकडं, इथंच शहरात. काका दिवाळीला भेटून आले होते. ती घरातल्या घरात चालते. दारातून आत, डावीकडं, मग न दिसणाऱ्या पिंजऱ्यांना बाटल्या लावते, मग खुर्चीत बसते. दिवसभर. मग काका म्हणाले, जित्याची खोड मेल्याबिगर जात नाय म्हनत्यात, पर ही खोड तिची बी नव्हती, तिला लावली. तुम्ही जावा बाई. पोरीकडं जावा.

उद्या ते स्वतः मला गाडीत बसवून देणार आहेत.

१ जून, रविवार

काका शब्दाला जागले. स्टँडवर आले, खिडकीजवळ बसवलं, गाडी हलेपर्यंत थांबले. मी दोन्ही हातांनी पुढचा दांडा धरला होता. मनात संस्कृती, संस्कृती एवढंच. हर्सूलला गाडी प्रवाशांसाठी थांबली. माझे हात दांड्यावरून सुटले. मी ते सुटताना बघितले. मी उतरले. वाहक ओरडला की बाई, तिकीट सोयगावचं आहे. मला ठाऊक होतं. मी त्याच्याकडं बघून रडत होते आणि पाय चालायला लागले होते.

हर्सूल ते चिकलठाणा, भर उन्हात, पायी. एक वाजायच्या आत पोचले.

२ जून, सोमवार

मॅडमना सगळं सांगितलं. त्या रागावल्या नाहीत. पाणी दिलं. मग नोंदवहीची जुनी पानं काढली आणि खरा प्रयोग सांगितला. आधी एक उंदीर पक्का करायचा, त्याच्या लहरी साठवायच्या. मग ज्यानं ती वाट कधी पाहिलीच नाही अशा दुसऱ्या उंदराच्या डोक्यात, तो स्वस्थ बसलेला असताना, त्याच लहरी सोडायच्या. तो पहिल्याच फेरीत डावीकडं वळतो. न शिकता शिकलेला.

टोपी नोंद घेत नव्हती. टोपी गिरवत होती.

मी म्हटलं, हे कुणाचं आहे माझ्यात? त्या म्हणाल्या, सावनीचं. फार सुंदर उतरलंय तुझ्यात, तिच्यापेक्षा लवकर. म्हणाल्या, तू मनात ठरवतेस ते वेगळं आणि तुझा मेंदू गिरवतो ते वेगळं, एवढंच झालंय. त्यात भिण्यासारखं काय? उद्या पाढे न येणाऱ्या पोरांना पाढे येतील. त्यांचे डोळे भरून आले होते. त्यांना खरंच असं वाटतं. हे जास्त वाईट आहे.

पोलिसांत जाईन म्हटलं. जा की, म्हणाल्या.

जाता आलं असतं तर.

३ जून, मंगळवार

टोपी घालणार नाही असं सांगितलं. सक्ती नाही, म्हणाल्या, आणि आपल्या खोलीत जाऊन दार लावून घेतलं. एक वाजून पाच मिनिटांनी मी खुर्चीत होते. टोपी डोक्यावर. बोटांना टोपीखाली लावायचा लेप, माझ्याच हातानं कालवलेला.

५ जून, गुरुवार

टोपी कापायला कात्री घेतली. हातांनी कात्री जागेवर ठेवली, टोपी धुतली, वाळत घातली. व्यवस्थित.

७ जून, शनिवार

एक सुचलं. चालत असताना लहरी उठत नाहीत. थांबलं, निजलं की उठतात. मग थांबायचंच नाही. खोलीत सकाळपासून फेऱ्या घालते आहे. लिहितेही उभ्यानं, चालता चालता —

८ जून

झोप लागली. उभ्या उभ्या, भिंतीला टेकून. झोपेत सगळ्यात जास्त गिरवलं जातं. मीच लिहिलं होतं नोंदवहीत. सावनीच्या अक्षरात.

११ जून, बुधवार

आईचा फोन. आवाजात नुसता आनंद. तुझ्या मॅडमचा फोन आलता म्हणाली. लई चांगली बाई. म्हणाल्या, नातीला इकडं पाठवा, आम्ही लहानपणीच वळण लावतो, लहान वयात लवकर लागतं. आई म्हणाली, लावा बाई लावा, लई उपकार व्हतील.

आईला काय कळणार. तिच्या लेखी वळण म्हणजे पाहुण्यांपुढं नीट बसणं, चप्पल जागेवर काढणं. मलाही तेच वाटलं होतं. मी तर सही केली.

मी म्हटलं, आणू नकोस. पाया पडते, तिला आणू नकोस. आई म्हणाली, बाई म्हणल्या व्हत्या तू असं म्हणशील. एकटं राहायची सवय लागली तुला. आईलाच पोर जड झाली व्हय.

१२ जून

परत फोन केला. सगळं सांगितलं, उंदीर, टोपी, सावनी. आई रडायला लागली. माझ्या डोक्यावर परिणाम झाला म्हणाली. आता तर येतोच, म्हणाली. रविवारी.

म्हणजे सांगितलं नसतं तर —

१३ जून, शुक्रवार

काकांना आईचा नंबर दिला, तुम्ही तरी सांगा म्हटलं. त्यांनी माझ्यासमोर लावला. आईनं उचलला नाही. अनोळखी नंबर ती उचलत नाही. मीच शिकवलंय तिला तसं.

काका रविवारी स्टँडवर थांबतो म्हणाले. सोयगावच्या गाडीवर नजर ठेवतो, त्यांना तिथूनच माघारी लावतो. देव करो.

१४ जून

शिव्या घालीन पोरीला. हाड् म्हणीन. तिनं मला नको म्हणावं, जन्मभर नको म्हणावं, पण मागं फिरावं. जमलं पाहिजे. तोंड अजून माझं आहे. हात नाहीत, पाय नाहीत, तोंड आहे.

१५ जून, रविवार

१२.१० — केंद्र बंद असतं. मी आत आहे. मॅडम आहेत. काकांचा फोन आला, गाडी आली, रिकामी झाली, त्यात आई नाही.

१२.२५ — मॅडमनी आईला घ्यायला गाडी पाठवली होती. वाटेत, सिल्लोडलाच. काकांना पुन्हा लावते, लाग —

१२.४० — आल्या. संस्कृतीनं दोन वेण्या घातल्यात. केवढी उंच झाली. पळत येऊन बिलगली. मी म्हटलं, जा इथून, मला तू नकोस. ओरडून म्हटलं. ती दचकली. रडली नाही. माझी साडी घट्ट धरली.

आईनं फॉर्मवर सही केली. सावकाश, अक्षर लावून लावून.

१२.५५ — हात लेप कालवताहेत. थांबत नाहीत. आई दारात पिशवी घेऊन बसलीय, हसतेय, मॅडमनी तिला चहा दिलाय. ओरडते आहे मी. आई, घेऊन जा तिला. आई मॅडमना म्हणते, बघा ना कशी झालीय माझी लेक. मॅडम म्हणतात, होईल बरी.

१.०४ — टोपी तिच्या डोक्यावर आहे. वेण्या सोडून, भांग पाडून, नीट बसवली. मी. ती म्हणाली, गार लागतंय. आता मी शेजारच्या खुर्चीत. बारा मिनिटं इथून उठता येत नाही. हात फक्त लिहू शकतो, म्हणून —

तिचे डोळे मिटलेत. पाय हलताहेत. खुर्चीत बसून चालतेय.

ती या इमारतीत पहिल्यांदा आलीय. पुढच्या दालनापलीकडं तिनं काही पाहिलेलं नाही. हे लक्षात ठेवा. कुणी वाचलं तर हे —

१.१६ — टोपी काढली. ती उठली. आई उजवीकडच्या दारात आहे, हात पसरून, ये गं माझी बाय म्हणतेय. उजवीकडं बाहेरचा रस्ता, ऊन, सगळं. डावीकडं पिंजऱ्यांची खोली, दार बंद. तिला कुणी दाखवलेली नाही ती खोली. कुणीच नाही. मी हाक मारतेय, संस्कृती, आजीकडं जा, पळ, आजीकडं. ऐकलं तिनं. माझ्याकडं बघितलं. आजीकडं हात पुढं केलाय तिनं. तिला आजीकडं जायचंय, मला दिसतंय, तिला जायचंय, आणि तिचा पाय — ती डावीकडं वळ